आत्याच्या पिशवीतली घंटी

गिरजाआत्या, तुझ्या तेरवीच्या वरणात मीठ जास्त पडलं होतं आणि एवढ्या पंगतीत एकाचीही ते बोलायची हिंमत झाली नाही. एसटीचे ड्रायव्हर, तहसीलचे बाबू, बाजारात बांगड्या विकणारी बाई, सगळे माना खाली घालून जेवत होते. तू असतीस तर पहिल्याच घासाला पातेलं उचलून मागच्या दारी नेलं असतंस आणि रांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत दुसरं वरण टाकलं असतंस. अहेरीच्या बसस्टँडसमोर जन्मभर खानावळ चालवलेल्या बाईच्या तेरवीला खारट वरण! मला रडू आलं ते त्या वरणामुळे. लोकांना वाटलं, भाची फार हळवी आहे.

तू कुठल्या साली जन्मलीस, कुणाच्या घरात पडलीस, मागे किती नातवंडं सोडून गेलीस, ते मी लिहिणार नाही. ते तुझ्या पोरानं छापून वाटलं आहे. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलं आणि तू मधूनच उठून गेलीस. ही तुझी जुनीच खोड. समोरच्याचं बोलणं आवडलं नाही की तुला लगेच चुलीवरचं दूध आठवायचं.

माझा नंदू तीन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता, तेव्हा लोक म्हणायचे, मुलगे उशिराच बोलतात. चार वर्षांचा झाला. मग लोकांनी म्हणणं बंद केलं. बोलत नव्हता, पण पळायचा मात्र. दार उघडं दिसलं की निघालाच. हाक मारली तर वळून बघायचा नाही. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी कान तपासले, कान चांगले निघाले. मेंदूची वाढ वेगळी आहे म्हणाले, औषध नाही म्हणाले, सांभाळा म्हणाले. सांभाळा म्हणजे काय करा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. परतीच्या बसमध्ये नंदूनं पुढच्या सीटवरच्या माणसाची टोपी खिडकीतून बाहेर फेकली.

एटापल्लीत मी अंगणवाडीबाई. वस्तीतली सगळी लेकरं माझ्याकडे. त्यांची नाकं पुसायची, त्यांना गाणी शिकवायची, वजनं करायची, उसळ वाढायची. दुसऱ्यांची लेकरं माझ्या हाताखाली सरळ रांगेत बसायची आणि माझं स्वतःचं लेकरू त्या रांगेवरून उड्या मारत जंगलाच्या दिशेनं निघालेलं असायचं. माझी मदतनीस तानीबाई, माडिया आदिवासी, अंगानं काडी पण पायानं वारा. ती हातातलं पळीपातेलं टाकून त्याच्यामागे धावायची. नंदूचे बाबा तहसील कचेरीत. घरी असले की त्याला खांद्यावर बसवून अख्खा बाजार फिरवायचे, पण निवडणुका आणि पंचनामे यांच्यामधून घरी असायचे कधी? माझ्या नाकी नऊ आले होते, आत्या. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, कारण लोक लगेच माझ्या बाबांचं उदाहरण द्यायचे.

तुझ्या भावाचं उदाहरण. आई तापानं गेली तेव्हा मी दीड वर्षाची होते. बाबा फॉरेस्ट गार्ड, जंगलातल्या नाक्यावर एका खोलीचं क्वार्टर. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही, मला कुणाकडे ठेवलं नाही, एकट्यानं वाढवलं. आपल्या नात्यात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली की तिचे सगळे कंगोरे झिजले. "माधवनं हू का चू केलं नाही, पोरगी वाढवली," असं सगळे म्हणायचे. बाबाही कमी बोलणारे. काहीही सांगा, ते "बरं" म्हणायचे. मी मोठी झाले, माझं लग्न झालं, ते गेले, तोवर मी हेच धरून चालले की लेकरू वाढवणं हे त्यांना श्वास घेण्याइतकं सोपं गेलं असणार. त्यांना एकट्याला जमलं. मला नवरा, पगार, मदतनीस असून जमत नाही. म्हणजे खोट माझ्यातच.

एका दुपारी मी जुन्या लुगड्याच्या काठानं नंदूला खाटेच्या पायाला बांधलं आणि अंगणवाडीत जाऊन दुसऱ्यांच्या लेकरांना उसळ वाढली. घरी आले तर तो जमिनीवर बसून तो काठ चावत होता. रडत नव्हता. रडला असता तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मी स्टँडवर गेले. अहेरीहून येणाऱ्या गाडीवरचा कंडक्टर सलीमभाऊ तुझ्याच खानावळीत जेवायचा, म्हणून त्याला सांगितलं, "आत्याले सांगा, आता माया हातून नाई होत. एक तं हे पोट्टं नाईतर मी." 

दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं तुझी पिशवी आली. एका डब्यात जवसाची चटणी, दुसऱ्यात लाखोळीची भाजी, आणि डब्यांच्या खाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक जुनं पोस्टकार्ड. बाबांचं अक्षर. ते मी किती वर्षांनी पाहत होते! चिठ्ठी नव्हती, निरोप नव्हता. ते कार्ड मला अजून तोंडपाठ आहे.

"ती. बाईस शि. सा. नमस्कार. पोट्टी मीठ खाते. चिमूटभर नाही, मूठभर. डबा वर ठेवला तर पेटीवर चढते, पेटी सरकवली तर रडून नाका डोक्यावर घेते. काल रेंजरसाहेब तपासणीला आले होते, त्यांच्या बुटावर ओकली. साहेब बूट इथेच ठेवून चपलेवर गेले. मिठाला उपाय कळव. बाकी ठीक. तुझा माधव."

मी स्टँडवरच्या बाकावर बसून हसले आणि मग हसता हसता पोट दुखेपर्यंत रडले. शेजारी नंदू पिशवीचे बंद चावत होता. बाबांना जमत नव्हतं! माझ्या त्या शांत, "बरं" म्हणणाऱ्या बाबांना एका मीठ खाणाऱ्या पोरीनं हात टेकायला लावले होते आणि ते बहिणीला उपाय विचारत होते. ती पोरगी मी होते.

तुझा नियम मात्र सावकारापेक्षा कडक. दुसऱ्या दिवशी सलीमभाऊ गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाला, "बाईनं सांगतलं, कारड वापस धाड म्हणा. ते वापस भेटन तवाच दुसरं भेटन." मी रिकाम्या डब्यात कार्ड घालून पाठवलं. त्यानंतर आपलं हे सुरूच राहिलं. मी सलीमभाऊजवळ फक्त "आज कठीण गेलं" एवढं म्हणायची आणि दोनचार दिवसांत पिशवी यायची. भाजी, चटणी आणि तळाशी एक कार्ड. वाचायचं, ठेवून घ्यायची परवानगी नाही, परत करायचं. मला राग यायचा. माझ्या बापाची पत्रं आणि मला एकेक करून उधार! पण आता कळतं की त्यामुळे मी प्रत्येक कार्ड चार चार वेळा वाचलं.

वेणीचं कार्ड आठवतं? बाबांना वेणी घालता येत नव्हती. त्यांना येत होतं ते पानखरेदीच्या फडीवर तेंदूपत्त्याचे पुडे बांधणं, सालीची दोरी आवळून गाठ मारणं. त्यांनी माझे केस तसेच पुड्यासारखे आवळून बांधले आणि गाठ सुटेना. भिजवली तशी आणखीच घट्ट झाली. शेवटी कात्रीनं गाठीसकट केस कापले. "आता पोट्टी पोट्टा दिसते. फडीवरचा मुनीम म्हणाला, गठ्ठा तर चांगला बांधला होता. बाकी ठीक."

पोस्टकार्डावर लिहायचे म्हणून वाटेतला प्रत्येक जण वाचायचा. एका कार्डाच्या कडेला वेगळ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, "पोरीला ओव्याचं पाणी द्या, आमच्या घरी गुण आला." ते पोस्टमनचं होतं. एवढं हसवलंस तू मला, आत्या, आणि तुला वाटायचं आपण फक्त चटणी पाठवतो.

ते "बाकी ठीक" आमच्या घरात शिरलं. नंदूनं उसळीचं भांडं उलथं केलं की मी मोठ्यानं म्हणायची, "बाकी ठीक!" तानीबाईनं ते उचललं. तिला मराठी बेताचंच येई, पण हे दोन शब्द ती अगदी बाबांसारखे ठेवणीतले म्हणायची. नंदू अंगणवाडीच्या छपरावर चढलेला, खाली ती हात पसरून उभी आणि माझ्याकडे बघून म्हणते, "बाकी ठीक, बाई."

बाबांच्या कार्डांत नुसते प्रश्न होते. मिठाला उपाय काय, तापात अंघोळ घालावी का, पोरगी आई कुठे म्हणून विचारते, काय सांगू. उत्तरं तू लिहिली होतीस, पण ती नाक्यावरच्या क्वार्टरमध्ये वाळवीनं खाल्ली. मी अहेरीला आले की तुला विचारायची, काय लिहिलं होतंस? तू पोळपाटावरून मान वर न करता म्हणायचीस, "मले काय आठोते? लिहिलं असन काईबाही. इथी साऱ्या स्टँडचं जेवण राह्यते, तुया बापाले कादंबरी लिहून धाडू काय?"

मग एकदा ते कार्ड आलं, ज्यात विनोद नव्हता. "बाई, काल मी गस्तीवर असताना पोट्टी एकटी नाल्यापर्यंत गेली. एका गुराख्यानं पाहिली म्हणून वाचली. साहेब म्हणतात, नोकरी कर नाहीतर पोर सांभाळ, दोन्ही होणार नाही. तिला तुझ्याकडे पाठवू का? विचार करून कळव." त्याखाली "बाकी ठीक" नव्हतं. सगळ्या कार्डांत ते एकच असं.

ते मी जड हातानं परत पाठवलं. मी तुझ्याकडे कधीच राहायला आले नव्हते, म्हणजे तू काहीतरी कळवलं असणार. काय, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. दिवाळीपर्यंत झालं नाही.

भाऊबीजेला तू दरवर्षी माझ्याकडे यायचीस. भाऊ नाही, तर भावाच्या पोरीच्या घरी त्याच्या नावानं दिवा लावायला. त्या वर्षी तू ताटावर बसलीस आणि नंदू भरल्या ताटावरून उडी मारून दाराबाहेर गेला. हे धावले, शेजारची पोरं धावली, घटकाभरानं त्याला धरून आणलं. तू जेवायची थांबलीस.

"मंगे, एक सांगू काय तुले? नागपूरकडं अशा लेकरायची संस्था हाये म्हणते. ठेव त्याले तिथी."

"नाई."

"काऊन नाई? तू आरशात पाह्यलं काय सोताले? हाडं निंगाले तुये. अशानं तू मरून जाशीन, मंग कोण पाह्यन त्याले?"

"माया बापानं मले ठेवलं काय कुठी?"

"तुया बापाची गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळी होती? त्यानंबी तुले लिहिलं होतं ना, पाठवू काय म्हणून? तूच तं धाडलं मले ते कारड! मंग तू काऊन नाई घेतलं मले? काय लिहिलं होतं तू त्याले?"

तू हात धुतलेस. पदराला पुसलेस. "सलीमची गाडी सुटन," म्हणालीस आणि निघालीस. गाडीला अजून खूप वेळ होता हे तुलाही माहीत होतं आणि मलाही. तुझ्या ताटात अर्धा अनारसा राहिला. मी तुला स्टँडवर सोडायला आले नाही.

त्यानंतर पिशवी बंद. थंडी गेली, मोहाची फुलं वेचून झाली, तेंदूपत्त्याची फडी लागली आणि उठली. सलीमभाऊ रोज यायचा, मी मुद्दाम त्या बाजूनं जायची, तो हात हलवून दाखवायचा की काही नाही. मीही "कठीण गेलं" म्हणून निरोप पाठवला नाही. तू हट्टी तर मी तुझीच भाची. पण तेव्हा सगळंच कठीण जात होतं. शाळेचं वय झालं म्हणून नंदूला घेऊन मी गुरुजींकडे गेले. गुरुजींनी त्याला पाहिलं आणि म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. तेच ते मागच्या वर्षीही म्हणाले होते.

पावसाळा लागला आणि एका सकाळी नंदू हरवला. दर वेळी सापडायचा तसा नाही, खरंच हरवला. सूरजागडच्या पहाडाकडून आभाळ काळं होत आलं होतं. कचेरीतली माणसं, वस्तीतली माणसं सगळीकडे गेली. मी नाल्याच्या काठानं त्याचं नाव घेत चालत राहिले, आणि माहीत होतं की नावाला तो ओ देणार नाही. दुपार कलताना तानीबाईनं त्याला आणलं. तो गावच्या गुरांमागे गेला होता. गुराख्याच्या ध्यानातही आलं नव्हतं, इतका तो कळपातलाच एक होऊन चालला होता. सगळ्यात मागच्या गाईच्या शेपटाजवळ, चिखलानं माखलेला, खुशीत.

ही बातमी सलीमभाऊनं अहेरीला नेली असणार. कारण त्यानंतर लगेच, इतक्या महिन्यांनी, तुझी पिशवी आली. मी हावऱ्यासारखी उघडली. चटणीचा डबा होता. कार्ड नव्हतं. डब्याखाली गुराच्या गळ्यात बांधतात ती लाकडी घंटी होती. जुनी, काळी पडलेली, कडेला बारीक दातांच्या खुणा, वासरानं चावल्यासारख्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आत्या. पोरगा गुरांमागे सापडला, तर बाईनं गुराची घंटी पाठवली! म्हणजे गुरासारखा बांध त्याला, नाहीतर संस्थेत टाक. मला दुसरा अर्थ सुचलाच नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं पुटपुटत मी घंटी फळीवर भिरकावली आणि दुसऱ्या दिवशी तुझी पिशवी रिकामी परत पाठवली. डबा धुऊन, आत काही न घालता. सलीमभाऊनं हातात घेऊन हलवून पाहिली आणि म्हणाला, "काई निरोप?" मी म्हटलं, "काई नाई."

मग नाल्यावरून पाणी गेलं. गाड्या बंद, फोन बंद. पाणी उतरलं तेव्हा पहिल्या गाडीनं सलीमभाऊ आला. खाली उतरून माझ्याकडे चालत आला, सवयीनं पिशवीसाठी हात पुढे केला, आणि तो हात तसाच ठेवून म्हणाला, "बाई गेली. पोया लाटता लाटता बसली तं उठलीच नाई. तुमाले कसं कळवाव, रस्ताच नोता." मी त्याच्या पुढे केलेल्या हाताकडे बघत राहिले. माझ्याकडे परत करायला काही नव्हतं.

तेरवी झाल्यावर तुझ्या सुनेनं मला चहापत्तीचा डबा दिला. "बाई म्हणे, हे मंगीचं हाये. पण एकदम नोको देजो म्हणे, एकेक देजो. आता एकेक कोण देईन, घेऊन जा तू सगळे." मी तो डबा मांडीवर घेऊन एटापल्लीपर्यंत आले. घरी सगळी कार्डं जमिनीवर पसरली. बाबा तारीख घालायचे नाहीत, वार आणि पाऊसपाणी लिहायचे, म्हणून पोस्टाच्या शिक्क्यावरून लावत गेले. इतकी वर्षं ती मला सुटी सुटी भेटली होती. एकाशेजारी एक अशी पहिल्यांदाच पाहत होते. मिठाचं, तापाचं, वेणीचं. मग ते, "पाठवू का" वालं. आणि त्याच्या लगेच पुढचं एक, जे तू मला कधीच पाठवलं नव्हतंस.

"ती. बाईस नमस्कार. पिशवी मिळाली. चटणी मिळाली, घंटी मिळाली. चिठ्ठी शोधली, नव्हती. दिवसभर घंटी खिशात घालून गस्त घातली, मग समजलं. पोट्टीच्या कमरेला बांधली आहे. ती दिवसभर वाजते. गस्तीवरचा जोडीदार विचारतो, माधव, गाय पाळली का. मी म्हटलं, हो. वाजते तोवर मी काम करतो, थांबली की पळतो. घंटी चावते, चावू देतो. पोट्टीला पाठवत नाही. बाकी ठीक."

मी उठले आणि फळीवरून घंटी काढली. त्या दातांच्या खुणा वासराच्या नव्हत्या.

अगं बाई, दोन ओळी लिहायला काय झालं होतं तुला? एवढी साऱ्या स्टँडला ऐकू जाईल अशी तुझी जीभ, आणि मोक्याच्या वेळी ती पिशवीत बांधून पाठवायचीस? माझ्या बापाला दिवसभराच्या गस्तीत समजलं, मला नाही समजलं. तो तुझा भाऊ होता, त्याला तुझी सवय होती. मी पण कमी का होते? पण मी रागात होते, आणि तू वाट पाहत होतीस की रिकाम्या डब्यातून काहीतरी येईल. ते आलं नाही. हे मला आता सोबत घेऊनच राहायचं आहे आणि राहीन.

एक गोष्ट मात्र मला कधीच कळणार नाही. तू बाबांना घंटी पाठवलीस, ते "पोर जवळच ठेव" म्हणून, की "माझ्याकडे नको" म्हणून? तुझी ती सासू, खाटेला खिळलेला नवरा, सकाळपासून पेटलेली चूल, यात एक धावणारी पोर कुठे ठेवली असतीस? म्हणूनच भाऊबीजेला तू उठून गेलीस का? मला वाटतं दोन्ही खरं असणार. तुला मला घेता आलं नाही, म्हणून जे देता आलं ते दिलंस. आणि तेच जपून ठेवलंस. मी शाळेत जायला लागल्यावर बाबांकडून परत मागून घेतलंस असणार, तुझ्या नियमाप्रमाणे! मग तीस वर्षांनी माझ्याकडे धाडलंस. नंदूला संस्थेत ठेव म्हणालीस, तेही मला मरताना तुला पाहवेना म्हणून. ते मी समजून घेते. पण पटलेलं नाही, आत्या, अजूनही नाही. तू असतीस तर आज पुन्हा भांडले असते, आणि या वेळी तुला दूध आठवू दिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी घंटी नंदूच्या कमरेला बांधली. मला वाटलं ओरबाडून काढेल. तो थबकला. एक पाऊल टाकलं, वाजली. पुन्हा टाकलं, वाजली. मग खाली बसून त्यानं ती कानाशी धरली आणि डुलायला लागला. गुरांमागे तो कशासाठी गेला होता, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. त्याला तो आवाज हवा होता.

तसाच त्याला घेऊन शाळेत गेले. गुरुजी म्हणाले, "बाई, वर्गात घंटी वाजत राह्यली तं पोट्टे शिकतीन कसे?"

मी म्हटलं, "गुरुजी, तुमचे पोट्टे दिवसभर घंटीचीच तं वाट पाह्यतेत."

ते हसले. हसले तिथेच मी पाय रोवला. हजेरीत नाव घालू नका, परीक्षेला बसवू नका, नुसतं बसू द्या, मी समोरच्या अंगणवाडीत आहे, हाकेच्या अंतरावर. "अन् पयाला तं?" "पयाला तं मी पयीन त्याच्यामागं. मायाच बापाची पोट्टी हावो मी."

पहिल्या दिवशी तो पाढे सुरू व्हायच्या आत उठला. दुसऱ्या दिवशी जरा बसला. आता दारापाशी बसतो, घंटी कानाशी धरून डुलतो. वर्गातल्या पोरांना सवय झाली आहे. त्यांच्यातली एक पोरगी, पहिल्या रांगेतली, तर त्याची पहारेकरीणच झाली आहे. आवाज बंद झाला की ती पाटी टाकून व्हरांड्यात येते आणि इकडे बघून ओरडते, "बाई, नंदू वाजून नाई राह्यला!" मग मी हातातलं काम टाकते. कधी तो नुसता झोपलेला असतो. कधी घंटी जागेवर असते आणि तो नसतो. बोलत अजून नाही. पुढे बोलेल का, माहीत नाही. बाबांनाही पुढचं काही माहीत नव्हतं, ते फक्त कार्डाच्या खाली तेवढे दोन शब्द लिहायचे आणि पोस्टात टाकायचे. ते शब्द म्हणजे खबर नव्हती. ती त्यांनी स्वतःला घातलेली ताकीद होती. मी ती आता माझी करून घेतली आहे.

कार्डं डब्यात नीट ठेवली आहेत. मी पण एकेकच काढते, सगळी एकदम नाही. वाचून झालं की परत ठेवते आणि तेव्हाच दुसरं घेते. सलीमभाऊ अजून स्टँडवर हात हलवतो.

हे मी अंगणवाडीतच बसून लिहिते आहे. उसळ शिजते आहे, तानीबाई लेकरांना हात धुवायला नेते आहे. समोरून, शाळेच्या दारातून, सकाळपासून तुझी घंटी ऐकू येते, खडक खडक, कंटाळा न करता. तुला सांगायचं अजून पुष्कळ आहे. चटणी कोण करतं आता, तुझ्या सुनेला वरणाचं मीठ कोण शिकवणार, आणि भाऊबीजेला माझ्या घरी दिवा

घंटी थांबली, आत्या. ती पोरगी ओरडते आहे. पळते.

बाकी ठीक.